दोन इंचांची धाव

चाकणजवळच्या महाळुंग्याहून न्हावा-शेवा बंदराला निघालेल्या ट्रेलरला बोरघाट चुकत नाही. चाकण रस्त्याने तळेगाव गाठायचे, द्रुतगती मार्गाला लागायचे, लोणावळा-खंडाळा मागे टाकायचे आणि खोपोलीकडे उतरायचे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंचीवर आहे, खोपोली जेमतेम 60 मीटरवर. मालासकट 40 टन भरणारी गाडी ही उंची उतरते तेव्हा विजेच्या हिशेबाने 60 युनिटांहून अधिक ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या ऊर्जेत जवळपास 690 लिटर पाणी उकळीला येईल. गाडी वीस मिनिटांत खाली आली, तर ही ऊर्जा सरासरी 180 किलोवॅटच्या वेगाने जिरवावी लागते. टायरचे आणि हवेचे घर्षण थोडा वाटा उचलते. उरलेला वाटा इंजिनाने किंवा ब्रेकने उचलायचा असतो.

ब्रेकने उचलायचा म्हणजे चाकातल्या लायनरने ड्रमला घासून उचलायचा. लायनर ड्रमवर दाबण्याचे काम प्रत्येक चाकामागे बसवलेला एक पोलादी डबा करतो. त्याचे नाव ब्रेक चेंबर. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो दिसतही नाही. दिसला तरी चिखलाने माखलेला असतो. पण गाडी थांबणार की नाही, हे या डब्यातून बाहेर येणारा दांडा किती पुढे सरकतो यावर ठरते. त्याला मोकळीक असते अडीच इंचांची. त्यातल्या पहिल्या दोन इंचांत काम झाले पाहिजे. या प्रकरणात आपण त्या दोन इंचांचा हिशेब मांडणार आहोत.

आगगाडीकडून ट्रककडे

हवेच्या दाबाने ब्रेक लावण्याची कल्पना आगगाडीची. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1869 मध्ये एअर ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांची पहिली रचना सरळ होती: इंजिनावरच्या टाकीत दाबाखालची हवा साठवायची, चालकाने व्हॉल्व्ह उघडला की ती पाइपातून डब्याडब्यापर्यंत जायची आणि ब्रेक लागायचे. यात एक मोठा दोष होता. पाइप फुटला किंवा डबे सुटले, की सगळ्या गाडीचे ब्रेक जायचे. नेमकी गरज असते तेव्हाच ब्रेक नाहीत!

1872 मध्ये वेस्टिंगहाउस यांनी ही रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली स्वतंत्र टाकी बसवली आणि मुख्य पाइपात हवेचा दाब कायम ठेवला. हा दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले. दाब उतरला, की डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक लावणार. पाइप फुटला तर गाडी आपोआप थांबणार. बिघाड झालाच तर तो थांबण्याच्या बाजूने व्हावा, हा विचार इथे पक्का झाला. आज ट्रेलर ओढणाऱ्या घोड्यामागे, म्हणजे पुढच्या इंजिनाच्या गाडीमागे, लोंबणाऱ्या दोन पाइपांपैकी लाल जोडणीचा पाइप हेच काम करतो. पिवळ्या जोडणीतून ब्रेकचा इशारा जातो, लालमधून ट्रेलरच्या टाकीला हवा मिळते; आणि लाल पाइप तुटला, की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

भारतात वाहनांच्या एअर ब्रेकचे उत्पादन रुजवले ते मद्रासच्या सुंदरम-क्लेटन कंपनीने. ब्रिटनच्या क्लेटन देवांद्रे कंपनीच्या सहकार्याने ती 1962 मध्ये उभी राहिली. पुढच्या काही वर्षांत आपला पिंपरी-चिंचवड पट्टा आकाराला आला. 1966 मध्ये टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था स्थापन झाली आणि 1967 मध्ये भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीचा अभ्यास करणारी संस्था आली. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीला आहे. नंतर कारखाने नाशिक रस्त्याने चाकणकडे सरकले. महिंद्रचे अवजड ट्रक चाकणमध्येच तयार होतात. महाळुंग्याच्या हद्दीतल्या बजाजच्या कारखान्यात 1999 पासून दुचाकी बनतात. त्या दुचाकीही कारखान्याबाहेर पडतात त्या एअर ब्रेकच्या गाडीत चढूनच. ज्या भागाचे पोट अवजड गाड्यांवर चालते, त्या भागात हा डबा घराघरात ठाऊक असायला हवा.

डब्याच्या आत

गॅरेजच्या बाकावर साधा, म्हणजे एकाच कप्प्याचा चेंबर खोलून ठेवला तर त्यात फार वस्तू निघत नाहीत. दाबून घडवलेली दोन पोलादी कवचे, त्यांच्या कडा एकमेकांना आवळून धरणारा क्लॅम्प, मधोमध रबरी डायफ्राम, एक स्प्रिंग आणि एक दांडा. डायफ्राम नुसत्या रबराचा नसतो. आत कापडाचे थर असतात, म्हणून तो लवतो पण ताणून फाटत नाही. एका कवचाला हवेचा पाइप जोडलेला असतो. दुसऱ्या बाजूने पुशरॉड, म्हणजे तो दांडा, बाहेर आलेला असतो. दांड्याच्या डोक्यावरची गोल चकती डायफ्रामला टेकलेली असते आणि परतीची स्प्रिंग तिला मागे रेटून धरते.

चालकाने पेडल दाबले, की डायफ्रामच्या मागे हवा शिरते, डायफ्राम पुढे फुगतो आणि दांड्याला ढकलतो. पेडल सोडले, की हवा फुस्सकन बाहेर पडते आणि स्प्रिंग दांड्याला जागेवर आणते. पेडल जितके दाबाल तितकाच दाब चेंबरमध्ये जातो, म्हणून चालकाला ब्रेक हलका-जड लावता येतो.

चेंबरचे माप त्याच्या नावातच असते. टाइप 30 म्हणजे डायफ्रामचे परिणामकारक क्षेत्रफळ 30 चौरस इंच, आपल्या मापात सुमारे 193 चौरस सेंटिमीटर. त्यावर 6 बार दाब पडला, तर दांडा जवळपास 1180 किलोच्या जोराने पुढे येतो. हा जोर स्लॅक अ‍ॅडजस्टर नावाच्या आडव्या हातावर पडतो. तो हात सुमारे 15 सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचे दुसरे टोक एका शाफ्टवर बसवलेले असते. या शाफ्टच्या टोकाला इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा कॅम असतो. हात फिरला की शाफ्ट फिरतो, कॅम फिरतो आणि दोन्ही ब्रेक शू बाहेर फाकून ड्रमवर दाबले जातात. कॅमची परिणामकारक त्रिज्या साधारण सव्वा सेंटिमीटर धरली, तर तरफेचे प्रमाण 12 पट होते. वाटेतले घर्षण सोडून दिले, तर एकेका शूवर 7 टनांचा जोर येतो. पेडलवरच्या पायाने केलेले काम फक्त व्हॉल्व्ह उघडण्याचे. जोर सगळा टाकीतल्या हवेचा.

मात्र हवेला प्रवासाला वेळ लागतो. लांब गाडीत पेडलपासून मागच्या चाकापर्यंतचा पाइप अनेक मीटरचा असतो. म्हणून मागच्या अ‍ॅक्सलजवळ रिले व्हॉल्व्ह बसवतात. पेडलकडून येणारी थोडी हवा त्याला फक्त इशारा देते. चेंबर भरायची हवा तो शेजारच्या टाकीतून घेतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पेडल झटकन दाबल्यापासून सगळ्यात उशिरा भरणाऱ्या चेंबरमध्येसुद्धा अंतिम दाबाच्या तीन चतुर्थांश दाब 0.6 सेकंदात आला पाहिजे. ताशी 60 किलोमीटर वेगात एवढ्या वेळात गाडी 10 मीटर पुढे जाते. ट्रकच्या पुढ्यात घुसणाऱ्या दुचाकीस्वाराने हे 10 मीटर मनात पक्के बसवावेत.

हवा गेली तर

पुढच्या चाकांना बहुधा असा एकाच कप्प्याचा चेंबर पुरतो. मागच्या चाकांना मात्र लांबट, दोन कप्प्यांचा चेंबर दिसतो. त्यातला चाकाकडचा कप्पा नेहमीच्या ब्रेकचा. पाठीमागच्या कप्प्यात एक भक्कम स्प्रिंग दाबून बसवलेली असते. हँडब्रेक सुटलेला असताना या कप्प्यात हवा भरलेली असते आणि ती स्प्रिंगला मागे दाबून ठेवते. हँडब्रेक लावला, की ही हवा बाहेर पडते, स्प्रिंग मोकळी होते आणि दांड्याला पुढे ढकलते. म्हणजे उभी गाडी हवा जागेवर धरत नाही, स्प्रिंग धरते. रात्रभरात टाक्या रिकाम्या झाल्या तरी महाळुंग्याच्या रस्त्याकडेला लावलेला ट्रक जागचा हलत नाही.

वेस्टिंगहाउस यांचा 1872 चा विचार तो हाच. स्प्रिंग पूर्ण मागे रेटायला साधारण 4 ते 5 बार दाब लागतो. चालत्या गाडीत गळती होऊन दाब त्याखाली उतरू लागला, तर डॅशबोर्डवरचा दिवा आणि बझर आधी इशारा देतात. तरीही कुणी लक्ष दिले नाही तर स्प्रिंग ब्रेक लावू लागते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर दाब भरेपर्यंत गाडी का हलवायची नसते, याचे कारणही हेच. घाईने गाडी ओढली, तर अर्धवट सुटलेले ब्रेक घासत राहतात आणि प्रवास सुरू होण्याआधीच ड्रम तापतात.

ही स्प्रिंग जितकी भरवशाची, तितकीच धोक्याची. तिच्यात शेकडो किलोंचा जोर दबलेला असतो. माहिती नसलेल्या माणसाने मागच्या कप्प्याचे जोड उघडले, तर कवच गोळीसारखे सुटते. अशा अपघातांत माणसे मेली आहेत. म्हणून आज अनेक चेंबरांची मागची कड क्लॅम्पऐवजी कायमची दुमडून बंद केलेली असते. हवा नसताना गाडी ओढून न्यायची असेल, तर चेंबरच्या पाठीतून एक लांब बोल्ट घालून, तो फिरवत स्प्रिंग आत ओढून बांधून ठेवतात. हा बोल्ट चेंबरसोबतच मिळतो. स्प्रिंगचा कप्पा खराब झाला तर पूर्ण चेंबर बदलायचा, उघडायचा नाही, हा नियम प्रत्येक फिटरने पाळलाच पाहिजे आणि मालकाने त्याला तो पाळू दिला पाहिजे.

मिलिमीटरचे गणित

आता दांड्याच्या धावेकडे येऊ. साध्या टाइप 30 चेंबरमध्ये दांडा जास्तीत जास्त अडीच इंच, म्हणजे 64 मिलिमीटर पुढे येऊ शकतो. उत्तर अमेरिकेतल्या तपासणीत त्याच्यासाठी 2 इंच, म्हणजे 51 मिलिमीटर ही सीमा धरतात; टाइप 24 साठी पावणेदोन इंच. त्यापुढे दांडा गेला तर तो ब्रेक सदोष धरतात. शेवटचा अर्धा इंच शिल्लक असूनही इतकी कडक सीमा का?

पहिले कारण डायफ्रामच्या आकारात आहे. दांडा दोन इंचांपर्यंत असतो तोवर डायफ्रामचे जवळजवळ सगळे क्षेत्रफळ त्याला ढकलत असते. त्यापुढे डायफ्राम टोकापर्यंत ताणला जातो, त्याचा काही भाग कवचाला टेकतो आणि दांड्यावरचा जोर झपाट्याने घटतो. डब्यात दाब तितकाच असतो, पण तो दांड्यापर्यंत पोचत नाही. शेवटी चकती तळाला टेकली, की हवा कितीही भरा, चाकावर काही पडत नाही.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. तरफेने जोर 12 पट होतो, त्याची किंमत अंतरात मोजावी लागते: शूला 1 मिलिमीटर सरकवायला दांड्याला सुमारे 12 मिलिमीटर धावावे लागते. आता 41 ते 42 सेंटिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम घ्या. घाटात तो 300 अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे 1.4 मिलिमीटरने वाढतो. म्हणजे ड्रमची आतली भिंत लायनरपासून 0.7 मिलिमीटर दूर गेली. डोळ्याला न दिसणाऱ्या या फरकापायी दांड्याची धाव 8 मिलिमीटरने वाढते. गॅरेजमध्ये थंड ड्रमवर 46 मिलिमीटर मोजलेली धाव घाटाच्या मध्यावर 54 होते. गाडी तपासणीत पास झालेली आणि तरीही घाटात सीमेबाहेर! त्यातच तापलेल्या लायनरची पकड कमी होते. चालकाला पेडल दाबून ठेवूनही गाडी धरत नाही असे जाणवते. तो आणखी जोरात दाबतो, ड्रम आणखी तापतो.

लायनर झिजत जाते तशीही धाव वाढते. पूर्वी फिटर ठरावीक दिवसांनी गाडीखाली शिरून पान्याने स्लॅक आवळायचा. आता बहुतेक नव्या गाड्यांत स्वयंचलित स्लॅक अ‍ॅडजस्टर येतो. तो झीज ओळखून स्वतःच आवळत जातो. मात्र त्यामुळे एक चुकीची सवय रुजली आहे. स्वयंचलित असूनही धाव वाढलेली दिसली, की काही जण तो हाताने आवळून गाडी सोडतात. खरे तर धाव वाढली याचा अर्थ आतले काहीतरी बिघडले आहे: कॅमच्या शाफ्टचे बुश झिजले असेल, ड्रम जास्त घासला असेल किंवा अ‍ॅडजस्टरच निकामी झाला असेल. आवळल्याने लक्षण झाकले जाते आणि कारण तसेच राहते.

पाणी, तेल आणि धूळ

हवा फुकट मिळते, पण जशी मिळते तशी ती वापरता येत नाही. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा तिच्यातली वाफही दाबली जाते आणि पुढे थंड होताना पाणी होते. मावळातल्या पावसाळ्यात हे पाणी भरपूर. म्हणून कॉम्प्रेसरनंतर एअर ड्रायर असतो. त्यातले दाणे ओलावा शोषतात. त्याचे कार्ट्रिज वेळेवर बदलले नाही, तर पाणी टाक्यांत आणि व्हॉल्व्हमध्ये साचते, गंज धरतो, व्हॉल्व्ह अडकतात. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या असतील तर हवेबरोबर इंजिनाचे तेलही येते, आणि तेलाने डायफ्रामचे रबर फुगते, मऊ पडते. टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडल्यावर पाण्यासोबत तेलकट काळपट मळ आला, तर दुखणे कॉम्प्रेसरचे आहे हे तिथेच कळते.

चाकण पट्ट्यातल्या खोदलेल्या रस्त्यांची धूळ आणि चिखल बाहेरून त्रास देतात. दांड्याच्या बाजूच्या कवचाला छोटी छिद्रे असतात. डायफ्राम पुढे आला की तिकडची हवा आणि पाणी त्यांतून बाहेर पडते. चिखलाने ती बुजली, तर पाणी आत कोंडून स्प्रिंग गंजते. गाडी धुताना ही छिद्रे मोकळी आहेत का हे पाहिले, तर चेंबरचे आयुष्य वाढते.

ब्रेक फेल या दोन शब्दांआड

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ साताऱ्याकडून येणाऱ्या एका अवजड वाहनाने समोरच्या गाड्यांना धडका दिल्या आणि 48 वाहनांचे नुकसान झाले. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. सुरुवातीला ब्रेक फेल झाले असे म्हटले गेले. पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले ते वेगळेच: डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती.

चेंबर समजून घेतला, की या कृतीचा अर्थ लख्ख दिसतो. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. प्रत्येक वेळी पेडल दाबून सोडले, की टाकीतली थोडी हवा खर्च होते आणि ती भरून निघत नाही. न्यूट्रल म्हणजे इंजिनाचा अडथळाही गेला. उताराची सगळी ऊर्जा चाकांतल्या लायनरवर आली. ड्रम तापतात, फुगतात, दांड्याची धाव वाढते, आणि वाढलेल्या धावेमुळे प्रत्येक ब्रेकला जास्त हवा लागते. दोन्ही बाजूंनी शिल्लक संपत जाते. टाकीत दाब उरला असला तरी दांडा दोन इंचांपलीकडे गेला असेल, तर तो दाब कामाचा नसतो. आणि दाब अगदी उतरून स्प्रिंग ब्रेक लागले, तरी त्यांनाही तोच तापलेला ड्रम आणि तेच जळके लायनर घासायचे असते. स्प्रिंग हवेच्या बिघाडावर उपाय आहे, उष्णतेवर नाही.

म्हणून जुने चालक नव्याला पहिल्यांदा सांगतात: ज्या गियरने घाट चढशील, त्याच गियरने उतर. खालच्या गियरमध्ये इंजिन आणि इंजिनाच्या धुराची वाट अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक मिळून बरीचशी ऊर्जा जिरवतात, चाकांचे ब्रेक थंड राहतात आणि अचानक थांबायची वेळ आली तर दांड्याची धाव शिल्लक असते. ब्रेक सारखा दाबून धरण्यापेक्षा जोरात लावून वेग उतरवायचा आणि सोडायचा, म्हणजे ड्रमला मध्ये निवायला वेळ मिळतो. वाचवलेले लिटर-दोन लिटर डिझेल ही उताराची खरी बचत नव्हे. थंड ड्रम ही खरी बचत.

खडूची खूण

चेंबरची तपासणी महागडी नाही. गाडी सपाट जागी उभी करायची, चाकांखाली ठोकळे लावायचे, टाक्या भरल्यावर इंजिन बंद करायचे आणि हँडब्रेक सोडायचा. मग चेंबरमधून दांडा जिथे बाहेर येतो तिथे खडूने खूण करायची. एकाने 6 ते 7 बार दाबाला पेडल पूर्ण दाबून धरायचे. दुसऱ्याने खूण किती पुढे सरकली ते मोजपट्टीने मोजायचे. एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे आकडे जवळपास सारखे हवेत; एका बाजूचा दांडा जास्त धावत असेल तर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढली जाईल. पेडल दाबलेले असतानाच कान देऊन ऐकायचे. सतत सूं आवाज आला तर साबणाच्या पाण्याने गळतीची जागा सापडते: डायफ्राम, क्लॅम्प किंवा पाइपाचा जोड.

महाळुंगे-चाकणच्या कारखान्यांबाहेर माल भरण्यासाठी गाड्या तासन् तास उभ्या असतात. दोन माणसे, खडू आणि मोजपट्टी एवढ्यावर होणारी ही तपासणी तिथे कुणालाही जमण्यासारखी आहे. अडचण वेळेची नाही, ती जबाबदारी कुणाची या प्रश्नाची आहे. चालकाला ते काम शिकवलेले नसते, मालकाला गाडी खेपेवर हवी असते, माल पाठवणारा कारखाना कागदपत्रे पाहतो आणि गाडी सोडतो. घाटात मात्र जबाबदारी एकट्या चालकाच्या पायावर येते. जो कारखाना आपल्या यंत्राचा एकेक भाग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत तपासतो, त्याने आपला माल वाहणाऱ्या गाडीच्या दांड्याची धाव फाटकावर मोजून मगच ती रस्त्यावर सोडावी.